खरखर

"मामा, कोनाड्यातला तो रेडिओ मला देता का?" असे भाच्याने विचारले तेव्हा मला प्रथम मोठी धन्यता वाटली. आमच्याकडे येणारा मनुष्य त्या रेडिओकडे पाहतो तो एक तर दयेने, नाही तर 'हा अजून टाकला नाही वाटते?' अशा मुद्रेने. विशीतल्या तरुणाला तो हवासा वाटावा, तो दुरुस्त करून आपल्या टेबलावर मांडावा असे त्याच्या मनात यावे, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या वस्तूंविषयीचा आदर जगातून अगदीच नाहीसा झालेला नाही, असे मी मनाशी म्हटले आणि "ने की!" म्हणण्यासाठी तोंडही उघडले. तेवढ्यात तो म्हणाला, "सगळा नको. त्यातले दोन ट्रान्झिस्टर काढून घेतो आणि बाकीचा परत आणून ठेवतो. बाहेरून काही कळणारसुद्धा नाही."

मी तोंड मिटले. आजोबांचे दोन दात तेवढे काढून नेतो, तोंड मिटून बसले म्हणजे ते पूर्वीसारखेच दिसतील, असे कोणी सांगावे, तसे ते बोलणे मला वाटले.

हा रेडिओ माझ्या वडिलांनी 1969 साली धुळ्यास आग्रा रोडवरच्या एका दुकानातून आणला. त्या काळी रेडिओ घरात ठेवावयाचा तर टपालकचेरीतून परवाना काढावा लागे. तो परवाना वडिलांनी घराच्या कागदपत्रांबरोबर ट्रंकेत ठेविला होता, यावरून त्या वस्तूची आमच्या घरातील योग्यता ध्यानात यावी. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' लागे. वडिलांना सिनेमाच्या गाण्यांचा तिटकारा असल्याचे सर्वश्रुत होते. ते गाणी ऐकत नसत. गाणी चालू असताना त्याच खोलीत वर्तमानपत्र वाचीत बसत, एवढेच. मात्र त्या तासाभरात पान उलटल्याचा आवाज कधी येत नसे.

लंकेहून येणारा तो आवाज सरळ कधी आला नाही. तो लाटेसारखा यावयाचा. एखादी तान जवळ यावी, कानाशी लागावी आणि एकदम दूर, विहिरीच्या तळाशी गेल्यासारखी व्हावी. पुन्हा फुगून वर यावी. लघुलहरी आकाशातील वरच्या थरांवर आपटून परततात, त्या अनेक वाटांनी येतात आणि एकमेकींत मिसळताना कधी एकीला दुसरी बळ देते तर कधी पुसून टाकते, हे शास्त्र मला पुढे कळले. त्या वेळी मात्र गाण्याचा स्वभावच असा असतो अशी माझी समजूत होती. पुढे पुष्कळ वर्षांनी तीच गाणी मोबाइलवर अगदी निर्मळ, धुतल्या तांदळासारखी ऐकली तेव्हा त्यांतून कोणी काहीतरी चोरून नेले आहे असे मला वाटले. ही गोष्ट मी कोणाजवळ बोललो नाही. दोषासाठी हळहळणाऱ्या मनुष्याला लोक काय म्हणतील!

आता भाच्याविषयी. तो जळगावातच शिकतो आणि गिटार वाजवितो. त्याची आई, म्हणजे माझी बहीण, थोडेफार शास्त्रोक्त गाते. मुलगा तिच्या तंबोऱ्याच्या शेजारी वाढला. त्याच्या खोलीत गिटार एक आणि पायाने दाबावयाच्या लोखंडी पेट्या मात्र अकरा. पुस्तकाएवढ्या या पेट्यांना 'पेडल' म्हणतात. गिटारची तार छेडली की तिचा विजेत रूपांतर झालेला स्वर या पेटीत शिरतो आणि बाहेर पडताना तो तोच राहिलेला नसतो. एखाद्या पेटीतून त्याचा प्रतिध्वनी निघतो, एखादीतून तो बाळाच्या रडण्यासारखा 'वा वा' करीत येतो. आणि ज्या पेटीसाठी माझ्या वडिलांच्या रेडिओवर हा घाला येत होता, तिच्यातून तो चिरकत, खरखरत, फाटक्या ढोलासारखा बाहेर पडतो. या शेवटच्या पेटीला 'फझ' असे नाव आहे.

"म्हणजे चांगला स्वर बिघडविण्याचे यंत्र!" मी म्हणालो. ज्या गावात बालगंधर्वांनी लहानपणी मेहबूबखाँकडे गाण्याचे धडे घेतले, त्या गावातल्या तरुणाने स्वर फाडण्यासाठी पैसे खर्चावे, याचे मला मनापासून वाईट वाटले.

भाचा रागावला नाही. त्याने मला या खरखरीची जन्मकथा सांगितली. अमेरिकेतील नॅशव्हिल गावी मार्टी रॉबिन्स नावाच्या गायकाचे गाणे मुद्रित होत असता यंत्राचा एक भाग बिघडला आणि साथीच्या मंद्र गिटारचा स्वर गुरगुरल्यासारखा उमटला. पुसून टाकावयाचा तो भाग तसाच ठेवला गेला. 1961 साली ते गाणे गाजले. पुढे ग्लेन स्नॉडी नावाच्या ध्वनिमुद्रकाने तो बिघाड मुद्दाम घडवून आणणारी पेटी तयार केली आणि गिब्सन कंपनीने ती 1962 मध्ये बाजारात आणली. प्रारंभी तिला गिऱ्हाईक बेताचेच होते. 1965 साली रोलिंग स्टोन्स या इंग्रज मंडळींच्या एका गाण्यात ती वाजली आणि दुकानांतल्या पेट्या संपल्या. ज्यांना पेटीची वाट पाहवली नाही त्यांनी दुसरे मार्ग धरले होते. डेव्ह डेव्हिस नावाच्या एका पोराने तर 1964 मध्ये कर्ण्याच्या कागदाला दाढीच्या पात्याने चिरा पाडल्या आणि त्यातून हवा तो आवाज मिळविला. आमच्या घरी असे कोणी केले असते तर त्याची पुढची दाढी न्हाव्यानेच केली असती. पाते पुन्हा हाती लागले नसते.

"एवढा खटाटोप कशासाठी?" मी विचारले. तो म्हणाला, "मामा, आईच्या तंबोऱ्याच्या तारांखालचे दोरे काढून टाकू का? उगीच झणझणतात."

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. माझ्या बहिणीचा तंबोरा मिरजेचा आहे. मिरजेच्या कारागिरांची तंबोऱ्यावरची सारी विद्या घोडीच्या त्या बोटभर पाठीवर येऊन थांबते. घोडी सपाट नसते. तिला अगदी हलका उतार असतो आणि कंप पावणारी तार त्या उतारावर घासत राहते. खाली सुताचा दोरा सरकवून ते घासणे नेमके जमविले की जवारी खुलते, एका तारेतून अनेक उपस्वर फुलू लागतात. दोरा काढला तर तार शुद्ध, सरळ आणि निर्जीव बोलते. दाक्षिणात्य मंडळी त्या दोऱ्याला 'जीवाळी' म्हणतात, ते काही उगीच नव्हे. तारेच्या मध्यबिंदूवर छेडले असता जे उपस्वर निघूच नयेत असा नियम, ते तंबोऱ्यात व वीणेत खुशाल निघतात, हे पाहून चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 साली या वाद्यांवर एक निबंध लिहिला होता. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आम्ही सर्वांनी आनंद मानला. तो मान जितका लाकूड-भोपळ्याचा, तितकाच त्या घासणाऱ्या तारेचा आहे, हे मात्र तेव्हा माझ्या मनात आले नाही. भाच्याची पेटीही तेच करते म्हणे: स्वराच्या लाटेचे शेंडे ती छाटते, आणि छाटलेल्या जागी नवे उपस्वर उगवतात.

मी म्हटले, "बरे, पण त्यासाठी माझाच रेडिओ कशाला? ट्रान्झिस्टर बाजारात पाच-दहा रुपयांना मिळतात."

ते सिलिकॉनचे, त्याला हवे होते जर्मेनियमचे. इथे मला थोडे विषयांतर करावेसे वाटते. जर्मेनियम सापडण्यापूर्वीच त्याचे बारसे झाले होते. रशियातील मेंडेलेव्हने 1871 साली मूलद्रव्यांच्या कोष्टकात सिलिकॉनच्या खालचे घर रिकामे ठेवून, येथे अमुक गुणांचे द्रव्य सापडेल असे भाकीत केले आणि त्याला 'एका-सिलिकॉन' असे नाव दिले. हा 'एका' आपला संस्कृतातला 'एक'. पुढे 1886 मध्ये विंक्लर या जर्मन शास्त्रज्ञाने ते द्रव्य शोधून काढले आणि त्याला आपल्या देशाचे नाव दिले. 1947 साली पहिला ट्रान्झिस्टर झाला तो याच द्रव्याचा. आपल्याकडेही बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात 1962 च्या सुमारास जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर होऊ लागले. मग स्वस्त, टिकाऊ आणि उन्हाला दाद न देणारे सिलिकॉन आले आणि जर्मेनियमची सद्दी संपली. आता ते मिळावयाचे ते आमच्या कोनाड्यातल्यासारख्या मुक्या रेडिओंच्या पोटात.

गंमत अशी, की या द्रव्याचा जो दुर्गुण त्याच्यावरच वाजविणारे लुब्ध आहेत. जर्मेनियम गळके असते. विजेला अडवून धरावयाचे तिथेही ते थोडी पाझरू देते, आणि हा पाझर दर दहा अंश उष्णतेमागे सुमारे दुपटीने वाढतो. थंडीत गोड घोगरा वाटणारा स्वर उन्हाळ्यात घरघरतो, आणि फारच तापला तर बसतो. इंग्लंडात 1966 साली निघालेल्या 'फझ फेस' नावाच्या पेटीत, जी जिमी हेंड्रिक्सने गाजविली, दोन ट्रान्झिस्टर धरून सारे मिळून अकरा भाग असतात. मायक्रोफोनच्या स्टँडचे गोल बूड पाहून तिच्या मालकाला पेटीचा आकार सुचला, असे सांगतात. अकरा भागांचे काम, ते काय अवघड? पण दोन पेट्या एकसारख्या बोलत नसत. ढीगभर ट्रान्झिस्टर मोजून त्यांतून हवा तो जोड निवडून काढणे, ही खरी कारागिरी.

ती मोठ्या कारखान्यांना परवडत नाही; म्हणून जगभर एकटेदुकटे कारागीर घराच्या माडीवर किंवा तळघरात बसून अशा पेट्या करतात. मुंबईतही 'ॲनिमल फॅक्टरी' या नावाने अशा पेट्या तयार झाल्या आहेत. अमेरिकेतील बिल फिनेगन या गृहस्थाने 1994 पासून 'क्लॉन सेंटॉर' नावाच्या सुमारे आठ हजार पेट्या केल्या. आतील रचना कोणास कळू नये म्हणून तो ती रचना काळ्या राळेत बुडवून टाकी. त्याने ती पेटी करणे थांबविल्यावर जुन्या पेट्यांना हजारो डॉलर मोजणारे निघाले. हे ऐकून मला आपल्याकडील जुन्या खाँसाहेबांची आठवण झाली. शिष्याने वीस वर्षे हुक्का भरावा, तेव्हा कोठे ते एखाद्या चिजेचा अंतरा सांगत. वाजविणारेही तसेच लहरी. एरिक जॉन्सन नावाच्या गिटारवादकाला पेटीत कोणत्या जातीची बॅटरी घातली आहे हे स्वरावरून ओळखू येते, अशी ख्याती आहे. मला हे अतिशयोक्त वाटते. परंतु तंबोरा जुळविण्यात पाऊण तास घालविणाऱ्या गवयासमोर मी माना डोलावीत बसलेला आहे, तेव्हा मी न बोललेले बरे.

इतके ऐकूनही मी रेडिओ दिला नाही. "पाहू," म्हणालो. आमच्या घराण्यात 'पाहू' म्हणजे नाही.

माझे मन फिरले ते दुसऱ्याच पेटीमुळे. एके संध्याकाळी बहिणीकडे गेलो असता भाच्याच्या खोलीतून गिटारचा आवाज येत होता. तो जवळ यावयाचा, फुगावयाचा आणि विहिरीच्या तळाशी जावयाचा. मी दारातच उभा राहिलो. छेडले जात होते ते काहीतरी इंग्रजी. मला ऐकू येत होता बुधवार. "ही कोणती पेटी?" मी विचारले. तिचे नाव 'युनि-व्हाइब'. जपानातील शिन-एई कंपनीत फुमिओ मिएदा नावाचा एक अभियंता होता. मॉस्कोचे आकाशवाणी-कार्यक्रम रेडिओवर ऐकताना तो आवाज आकाशातून येता येता हेलकावे खातो, हे त्याच्या कानांनी टिपले. ते हेलकावे पेटीत भरावे या ध्यासातून हे यंत्र जन्मले. 1969 च्या ऑगस्टात वुडस्टॉक येथे हेंड्रिक्सने ते वाजविले.

वर्ष ऐकून मी खाली बसलो. त्याच वर्षी धुळ्यात एक गृहस्थ वर्तमानपत्राआड तोंड लपवून तेच हेलकावे ऐकत होता. जपानातल्या एका माणसाला त्या दोषाची भुरळ पडली आणि त्याने त्याचे यंत्र केले. मला भुरळ पडली आणि मी ती पन्नास वर्षे लाज म्हणून लपविली. दुसऱ्या दिवशी मी स्वतः रेडिओ पुसून, पिशवीत घालून भाच्याकडे नेऊन दिला.

रेडिओ उघडला तेव्हा आत धूळ, कोळ्याचे एक जाळे आणि वाळून कोळ झालेले एक झुरळ होते. भाच्याने कथिलाचा डाग वितळवून दोन्ही ट्रान्झिस्टर सोडविले आणि मोजले. त्यांपैकी एक इतका गळत होता की त्याचा उपयोग नव्हता. दुसरा मात्र, भाच्याच्या शब्दांत, "एकदम जातिवंत" निघाला. त्याला जोडीदार धुळ्याच्या एका म्हाताऱ्या रेडिओ-दुरुस्तकाच्या डब्यातून मिळाला. मला उगीच बरे वाटले; धुळ्याचे धुळ्याशी जमले.

पेटी तयार झाली ती मार्चमध्ये. रात्री ती सुरेख बोलली. माझ्यासारख्याच्याही कानाला तो आवाज राकट पण प्रेमळ वाटला. एप्रिलच्या दुपारी ती घरघरू लागली. मे महिन्यात, पारा 45 अंशांच्या पुढे गेला तेव्हा, तिचा आवाज पार बसला. लंडनच्या धुक्यात जन्मलेल्या या यंत्राला खानदेशचा उन्हाळा कसा सोसावा? भाचा तिला माठाशेजारी ठेवी, ओल्या फडक्याने पुशी. घामोळ्या आलेल्या मुलाची आई जशी हवालदिल होते, तसा तो झाला होता.

आणि एके दिवशी त्याने ती विकली.

मला हे समजले ते बहिणीकडून, आठ दिवसांनी. धुळ्याकडचा कोणी बेंजोवाला येऊन साडेतीन हजार रुपयांना ती घेऊन गेला होता. मी भाच्याला वाटेल तसे बोललो. वडिलांच्या रेडिओचे काळीज मी त्याला दिले होते ते वरातीत नाचविण्यासाठी नव्हे, असेही म्हणालो. तो बराच वेळ ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "मामा, माझ्याकडे अकरा आहेत. मी आठवड्यातून एकदा वाजवतो. तो रोज वाजवतो." त्यानंतर महिनाभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

जूनच्या प्रारंभी एका लग्नासाठी मला धुळ्यास जावे लागले. एरंडोल, पारोळा करीत बस पोहोचली तेव्हा अंधारून आले होते आणि पाऊस अजून दूर होता. आग्रा रोडला लागलो तो समोरून दुसऱ्याच कोणाची तरी वरात येत होती. पुढे दिव्यांच्या छत्र्या धरलेल्या बाया, मागे जनित्राची गाडी, आणि उघड्या टेंपोवर बेंजो. हा बेंजो म्हणजे अमेरिकेतला बँजो नव्हे. टंकलेखन-यंत्रासारखी बटणे असलेले हे आपले बुलबुलतरंग. त्याचा मूळपुरुष जपानातील नागोया येथे मोरिता गोरो याने 1912 साली घडविलेला. तेथून येथवर येता येता त्याला वीज लागली, कर्णे लागले आणि खानदेशातल्या किती लग्नांत तो वाजला याची मोजदाद कोणी करावी! एरवी त्याचा पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज मला सोसत नाही. मी कान झाकून रस्त्याच्या कडेला होतो.

या खेपेस कानांवरचे हात खाली आले. स्वर राकट होता; पण टोचत नव्हता. प्रत्येक सुराभोवती जाडसर, उबदार खरखर होती, जुन्या घोंगडीसारखी. मी टेंपोच्या बरोबरीने चालू लागलो. वाजविणारा पंचेचाळिशीचा, बागायती रुमाल गळ्याभोवती टाकलेला. त्याच्या पायाशी पोळ्यांचा स्टीलचा डबा होता, डब्याला ओला पंचा गुंडाळलेला आणि झाकणाच्या फटीतून दोन वायरी आत गेलेल्या. मधूनमधून एक लहान मुलगा तांब्यातले पाणी त्या पंचावर शिंपडी.

चौकात वरात थांबली तेव्हा मी त्याला विचारले, "डब्यात काय ठेवले आहे?"

तो हसला. "मशीन शे. उन्हाळामा तापस, म्हणीसन." मग जरा अभिमानाने, डब्यावर हात ठेवून म्हणाला, "पयले नुसता कर्कश वाजे. आते आवाजमा जीव उना, भाऊ."

त्या डब्यात कोणाचा रेडिओ आहे, हे सांगावे असे माझ्या अगदी ओठांवर आले होते. पण मागून कोणीतरी ओरडले, नवरदेवाच्या मित्रांनी फर्माईश केली आणि त्याने बेंजो पुढे ओढला. गाणे जुने होते, बुधवारच्या रात्रींपैकी एका रात्रीचे. मी ज्या लग्नासाठी आलो होतो तेथे वाट पाहत असतील हे मला ठाऊक होते. तरी त्या दुकानाच्या जागेपर्यंत मी वरातीबरोबर गेलो. दुकान आता तेथे नाही. तेथे मोबाइल विकतात. वरात पुढे वळली, पोराने पंचावर आणखी एक तांब्या ओतला, आणि मी खिशातून मोबाइल काढून, महिनाभराने, भाच्याला फोन लावला. गलका इतका होता की त्याचे एक अक्षर मला ऐकू येईना. मग मी बोलावयाचे सोडून दिले आणि हात उंच करून फोन टेंपोच्या दिशेने धरून ठेविला.